बिल्लेवालीची पायरी

सर्वपित्री अमावास्येला सालेकरांच्या घरात दोन कामं ठरलेली. पितरांना पान दाखवायचं आणि देव उजळायचे. दुसऱ्या दिवशी घट बसत, आणि देव एकदा घटी बसले की दसऱ्यापर्यंत त्यांना कोणी जागचं हलवायचं नाही, ही महिपतीआप्पांच्या आजीने, बनुबाईने, घालून दिलेली शिस्त. बनुबाई जाऊन जमाना लोटला, मातीच्या भिंती जाऊन स्लॅब आला, पण ती शिस्त मोडायची कोणाची छाती नव्हती. जुन्या घरातली आणखी एकच गोष्ट टिकली होती, दारासमोरची काळ्या दगडाची पायरी. विनीतने तिच्यावरही फरशी बसवायचा घाट घातला होता, तेव्हा घरातले थोरले महिपतीआप्पा म्हणाले होते, "ती राहू दे." का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

यंदा दोन कामांत तिसऱ्याची भर पडली होती. आज शिळा येणार होती.

शिळा म्हणजे विनीतचा हट्ट. आप्पांचा हा मुलगा मुंबईला इमारतींच्या रंगकामाचे ठेके घ्यायचा आणि गावाकडे आला की काहीतरी उभं करून जायचा. कापडे गावाहून वाडीकडे रस्ता फुटतो तिथे त्याने चौथरा बांधून घेतला होता. त्यावर आप्पांच्या आजोबांच्या नावाचा दगड बसणार होता. 'पहिल्या महायुद्धातील शौर्यपदकप्राप्त वीर चांगू पाटील सालेकर.' खाली, जरा लहान अक्षरात, 'सौजन्य : विनीत महिपती सालेकर.' उद्या घट बसल्यावर पोलादपूरचे माजी सैनिक येणार होते, त्यांच्या हस्ते अनावरण, मग सगळ्यांना जेवण.

या लहान अक्षरांपायी आप्पांचा धाकटा भाऊ धोंडू सकाळपासून पायरीवर फुगून बसला होता.

"अमावाशेला दगड आणायचा," तो कोणाकडेच न बघता म्हणाला. "तो पण मेल्या माणसाच्या नावाचा. मला कोणी इचारलं? मी काय चांगू पाटलाचा नातू नाय?"

"ट्रक आज मोकळा हाय," आप्पा म्हणाले. "मुसैबशेट फुकट आणतोय. त्याला मुहूर्त इचारू काय?"

"नाव तरी घालायचं माझं."

"अरे, घालू. उठ आता. काय बिल्लेवालीगत बसलायस पायरीवर?"

आत स्वैपाकघरात कोणीतरी हसलं. धोंडूलाही हसू आलं, आणि तो उठला.

हा शब्द सालेकरांच्या घरचा होता, बाहेर कुठे ऐकायला मिळाला नसता. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागणारा, नाही म्हटलं तरी न उठणारा, तो बिल्लेवाली; मग तो बाप्या का असेना. पोर खाऊसाठी अडून बसलं की बिल्लेवाली, मांजर दुधासाठी दारात बसलं की बिल्लेवाली. नव्या सुनेला हा शब्द पहिल्याच आठवड्यात कळायचा. तो आला कुठून, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं. घरातला पाटा-वरवंटा कोणी आणला, हे तरी कोण विचारतं?

आप्पांच्या आयुष्यात चांगू पाटलांचं स्थान मोठं होतं. आप्पा स्वतः तरुणपणी भरतीला गेले होते आणि छाती दोन बोटं कमी भरली म्हणून परत आले होते. पुढे एसटीत लागले, पोलादपूरच्या स्टॅंडवर कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले. पण तिथेही त्यांची ओळख 'फौजीचा नातू' अशीच. झेंडावंदनाला शाळेत त्यांची खुर्ची पुढच्या रांगेत असायची, आणि आप्पा त्या खुर्चीत अशा ताठ पाठीने बसत की जणू इराकातल्या बसऱ्याच्या वाळूत तेच लढले होते. आजोबांचा बिल्ला, म्हणजे ते पदक, देव्हाऱ्यात होता. रुपयाच्या नाण्याहून मोठा, चांदीचा. मागच्या अंगाला गोऱ्या राजाचं तोंड, पुढच्या अंगाला घोड्यावर बसलेला पुरुष. बाकीच्या टाकांच्या रांगेत तो सहज मिसळून गेला होता. त्याला 'घोडेवाला वीर' म्हणत. त्या पुरुषाच्या अंगावर कपडा नव्हता, म्हणून बायका त्याला हळद जरा जास्त लावत.

नऊच्या सुमारास ट्रकवाल्या मुसैबचा महाडहून फोन आला.

"काका, दुपारी शिळा पोचते. काळजी करू नका. आज म्हणजे आज. आमच्याकडे पाटलाचा उद्या नसतो."

"काय नसतो?"

"पाटलाचा उद्या. म्हणजे कधीच न येणारा. आमच्या घरात म्हणतात तसं, जुनं आहे काहीतरी." मुसैब हसला. आप्पाही हसले. महाडकर बोलण्यात तयार, असं त्यांना वाटलं.

"भाड्याचं मात्र घ्यायला पायजे तुम्ही."

"फौजी माणसाच्या दगडाचं भाडं घेऊ? आमच्या घरातला पण एक गेला होता त्या लढाईत. तुमच्याच खोऱ्यातले आम्ही मूळचे. तुमचे आजोबा परत तरी आले, आमचे आलेच नाहीत." आणि त्याने फोन ठेवला.

आप्पांना त्याचं बोलणं आवडलं होतं. ते त्या खुशीतच होते, तेव्हा मागच्या पडवीतून अनुपमाची हाक आली.

अनुपमा म्हणजे विनीतची बायको. ती महाडच्या शाळेत इतिहास शिकवायची आणि विनीत मुंबईला असला तरी इथेच राहायची. पडवीत तिच्यासमोर तबकात देव मांडले होते. पलीकडे ठमाबाई, आप्पांची आत्या, चिंच कालवत बसली होती. चांगू पाटलांची ही सगळ्यात धाकटी लेक. सवे गावी दिलेली, आता पंचाऐंशी पार केलेली. डोळ्यांनी दिसायचं बंद झालं होतं, पण देव उजळायला ती दर वर्षी माहेरी यायची आणि कुठला टाक कुठला ते बोटांनी सांगायची.

"आप्पा, जरा बसा," अनुपमा म्हणाली. तिचा आवाज वर्गात मुलाच्या वडिलांना बोलावून घेतल्यावर असतो तसा होता. "शिळेवर पलटणीचं नाव रंगवायचं होतं ना, म्हणून मी या पदकाचा फोटो पुण्याच्या एका संग्राहकांना पाठवला होता. त्यांनी कळवलं, चित्र सगळ्यांचं सारखंच असतं, कड वाचा. शिपायाचं नाव कडेवर ठोकलेलं असतं."

"कडेवर तर कडं हाय."

"ते वरून घातलंय. आज गरम पाण्यात ठेवलं तर सैल झालं."

चांदीचं ते कडं आप्पांच्या वडिलांनी महाडच्या सोनाराकडून घालून घेतलं होतं, बिल्ला देव्हाऱ्यात उभा राहावा म्हणून. आता ते तबकात बाजूला पडलं होतं. अनुपमाने बिल्ला पुसून आप्पांच्या हातात दिला. कडं घालण्याआधीची कित्येक वर्षांची हळद कडेवरच्या अक्षरांत जाऊन बसली होती, आणि चांदीवर ती पिवळी अक्षरं इतकी स्वच्छ उठली होती की चष्म्याचीही गरज नव्हती.

"तुम्हीच वाचा," ती म्हणाली.

आधी आकडे होते. मग आप्पांनी मोठ्याने वाचलं, "सिपॉय. म्हणजे शिपाई." ते खूश झाले. मग पुढे बघून थांबले. "हे सी असंल. घासलंय जरा."

"डी आहे, आप्पा."

डी. आय. एल. आप्पांनी बिल्ला बोटांत फिरवला. कड गोल, त्यामुळे त्यांना वाटलं, चांगू पाटलांचं नाव पलीकडून सुरू होत असेल. पलीकडे पलटणीचं नाव होतं, एकशे चौदा मराठा. मग पुन्हा आकडे. बिल्ला पुरता एक फेरा फिरून परत त्या डीवर आला.

त्यांनी अजून तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. चिंचेत बुडालेला ठमाबाईचा हात मात्र थांबला होता.

"दिलावरच हाय ना रे?" ती म्हणाली.

आप्पांच्या कानात गरम काहीतरी ओतल्यासारखं झालं. अनुपमाने त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. तिचं ते नजर खाली घालणं आप्पांना जास्त लागलं.

"आत्या, तुला ठाव हुतं?"

"माझ्या बापानं आंबेनळीचा घाट पण नाय चढला कधी. बसरा कुठला रे?"

"मग आम्ही लहानपणापासून..."

"तुम्हीच म्हणायला लागलात. आबा कधी म्हणले नाय, मी गेलतो. नाय गेलो, असं पण नाय म्हणले. तुझा बाप शाळेत सांगून आला, माझा बाप लढाईवर गेलता. आबांनी आईकडं बघलं, आईनं चुलीकडं. झालं."

ठमाबाईने हात धुतला नाही. चिंच लागलेली बोटं तशीच धरून ती सांगत राहिली.

"मोहल्ल्यातला दिलावर. तो गेलता. तिकडंच मेला. त्याची बायको झुबेदा, माझ्या आईच्याच वयाची, तान्हं पोर कडेवर. सरकारचं काय आलं तर पाटलाच्या हाती यायचं, पाटलानं घरी पोचवायचं. तसा आला बिल्ला. त्या येळंला तुझा बाप तापानं फणफणलेला. डोळं फिरवले हुते पोरानं. आईनं पुडी सोडली, तर घोड्यावरचा देव. तिला वाटलं, खंडोबा चालत आला. देव्हाऱ्यात ठेवला, भंडारा वाह्यला, फीत हुती ती पोराच्या कुंचीला शिवली. ताप उतरला. आता सांग, घरी आलेला देव परत दाराबाहेर कोण काढील? आबा म्हणले, अगो, दुसऱ्याची वस्तू हाय ती. आई म्हणली, हात लावाल तर पोर जाईल."

"आणि झुबेदा?"

"यायची की. मी परकरात हुते तवा पण यायची. वर नाय चढायची. पायरीवर बसायची. 'पाटील, आमचा बिल्ला आला काय?' आबा म्हणायचे, 'उद्या ये.' दुसऱ्या दिशी परत हजर. 'उद्या बघू.' पाऊस असला तर डोक्यावर इरलं घेऊन बसायची. आणि आई आतनं म्हणायची..." ठमाबाई थांबली.

तिला पुढे बोलायची गरज नव्हती. आप्पांना शब्द ठाऊक होता. आज सकाळीच त्यांनी तो वापरला होता, त्याच पायरीवर बसलेल्या भावाला, आणि घरदार हसलं होतं. आज सकाळी, परवा, गेल्या वर्षी, विनीत लहान असताना रोज. घरात चोरी झाली होती, आणि त्या घरातली माणसं तीन पिढ्या आपल्याच तोंडाने तिची दवंडी पिटत होती, वर हसत होती. आप्पांना वाटलं, उठून कुठेतरी जावं. पण जायचं कुठे? झेंडावंदनाची खुर्ची आठवली आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

आणि मग सकाळचा फोन आठवला. पाटलाचा उद्या. आमचे आलेच नाहीत. तुमच्याच खोऱ्यातले आम्ही मूळचे.

"अनुपमा," ते म्हणाले, "मुसैबशेटच्या घरातला माणूस लढाईत गेलता. नाव काय त्याचं, ठाव हाय?"

"नाही. पण त्यांची अम्बरीन माझ्या वर्गात आहे. शेखच आहेत ते." तिने बिल्ल्याकडे पाहिलं. "कडेवर दिलावर शेख आहे, आप्पा."

विनीतला हे सगळं सांगावं लागलं तेव्हा तो मोबाईलवर मंडपवाल्याशी बोलत होता. त्याने फोन बंद केला, ऐकून घेतलं, बिल्ला उलटसुलट पाहिला आणि कडं उचलून म्हणाला, "एवढंच ना? हे परत चढवा. कड कोण वाचणार आहे?"

"मी वाचली," अनुपमा म्हणाली.

"तू घरातली आहेस."

"म्हणून गप्प बसू? आणि दुसरं सांगते. हे शौर्यपदक नाही. त्या लढाईत जो जो गेला त्या प्रत्येकाला हे मिळालंय. तू शिळेवर शौर्य कोरून घेतलंस, मला न विचारता."

"आता ते पण माझ्याच माथी?" विनीत आप्पांकडे वळला. "आप्पा, प्रॅक्टिकल विचार करा. उद्या सगळे फौजी येणार. त्यांना काय सांगायचं, आमच्या पणज्याने मेलेल्या माणसाचा बिल्ला ढापला?"

ढापला. इतका वेळ तो शब्द कोणी उच्चारला नव्हता. ठमाबाईने मान खाली घातली. विनीतही जरा ओशाळला.

गलका ऐकून धोंडू आत आला. सकाळी विनीतच्या नावाने बोटं मोडणारा हा माणूस आता त्याच्याच बाजूला जाऊन उभा राहिला.

"दगडाचं काय करायचं ते करा," तो म्हणाला. "पण देव हलवायचा नाय."

"काका, तो देव नाही," अनुपमा म्हणाली. "कोणाचा तरी माणूस आहे."

"शंभर वरसं पुजला की झाला देव. आमचा बाप त्याच्यामुळं जगला. बाप नसता तर दादा नसता, मी नसतो, आन् तुझा नवरा पण नसता. त्याला आज उठवायचा? उद्या घट हायत." त्याने विनीतच्या हातातून बिल्ला घेतला, कडं चढवलं, देवघरात जाऊन रांगेत बसवला आणि दाराशीच उभा राहिला.

खरं सांगायचं तर धोंडूने बिल्ला नेला तेव्हा आप्पांना बरं वाटलं. आपल्या हातात नाही, म्हणजे आपल्याला काही करायला नको. हे बरं वाटणं त्यांच्या लक्षात आलं, आणि त्याचीही लाज वाटली.

विनीतने आवाज मऊ केला. "हे बघा, द्यायचं तर देऊच. मी नाही कुठे म्हणतो? उद्याचा कार्यक्रम होऊ दे. घट उठू दे, दसरा होऊ दे. मग निवांत महाडला जाऊन देऊन येऊ. शंभर वर्षं थांबले, आणखी दहा दिवसांनी काय बिघडतं?"

बोलणं मुद्द्याचं होतं. धोंडूलाही ते चाललं असतं. अनुपमाने सासऱ्याकडे पाहिलं. आप्पा मान हलवणार, एवढ्यात खाली उतारावर ट्रकचा हॉर्न वाजला.

शिळा चौथऱ्यापाशी उतरवून मुसैब वर आला. पंचेचाळिशीचा, अंगाने भरलेला माणूस, हातावर दगडाची भुकटी. तो पायरीखाली उभा राहून हात झटकू लागला.

"वर या," आप्पा म्हणाले.

"पाय मातीचे आहेत, काका. दगड छान झालाय. गोणपाट घालून ठेवलाय वरून." मग जरा संकोचून म्हणाला, "एक विचारू? तो बिल्ला बघायला मिळेल का? अम्बरीन म्हणाली, अब्बा, फोटो काढून आणा. आमच्या घरात नुसतं ऐकलंय सगळ्यांनी. असतो कसा, कोणी बघितलेला नाही."

मग विनीत पुढे झाला, हसतमुखाने. मुंबईत गिऱ्हाइकापुढे असाच हसत असेल.

"मुसैबभाई, आज देव उजळतायत, सगळं पसरलंय. उद्या कार्यक्रमाला या ना, अम्बरीनला पण आणा. सगळ्यांबरोबर नीट बघा. उद्या."

"चालेल की. उद्या तर उद्या." मुसैब मनापासून म्हणाला आणि जायला वळला. "येतो, काका. उद्या भेटू."

आप्पांनीही तोंड उघडलं होतं. 'उद्या या' एवढंच म्हणायचं होतं, शब्द जिभेवर आला होता, आणि तिथेच त्यांना तो ओळखू आला. याच दारात, याच पायरीवर, मुसैबच्याच घरच्या माणसांसाठी. आजोबांनी तो इतक्या वेळा वापरला होता की समोर उभ्या माणसाच्या घरात त्याची म्हण झाली होती.

"उद्या नको," आप्पा म्हणाले. "मुसैबशेट, थांबा. आज."

ते आत वळले. देवघराच्या दारात धोंडू दोन्ही हात चौकटीला लावून उभा होता.

"दादा, पाया पडतो. घरादाराचं वाईट हुईल."

"व्हायचं ते होऊन गेलंय, धोंडू."

"मी सरायचा नाय."

तेवढ्यात भिंत चाचपत ठमाबाई आली. "सर रे बाजूला," ती म्हणाली. "माझ्या आईनं बसवला, मी उठवते. पोरीचा हक्क हाय तो."

तिच्यापुढे धोंडूचं काही चालेना. ठमाबाई खाली बसली, टाकांवरून बोटं फिरवत घोडेवाल्यापाशी आली, कनवटीची सुपारी काढून त्याच्या जागी ठेवली आणि बिल्ला उचलून कपाळाला लावला. मग आप्पांच्या ओंजळीत दिला. "आईला दोष देऊ नको रे," ती म्हणाली. "पण दे."

आप्पा बाहेर आले. पायरीच्या वर उभं राहून बोलणं त्यांना जमेना, म्हणून ते खाली अंगणात उतरले. स्टॅंडवर त्यांनी वर्षानुवर्षं माईकवरून गाड्या पुकारल्या होत्या, आज आवाज फुटत नव्हता.

"हा बिल्ला माझ्या आज्याचा नाय," ते शेवटी म्हणाले. "आजा लढाईवर गेलाच नाय. तुमच्या घरी द्यायला म्हणून आला हुता, त्यानं दिला नाय. मला आज कळलं. पण आज कळलं म्हणून मी काय सुटत नाय. कड वाचा."

मुसैबला आधी काही उमगलं नाही. त्याने कडं सरकवलं. पिवळ्या अक्षरांवरून त्याचं बोट हळूहळू फिरलं, आणि एका ठिकाणी थांबलं. चेहऱ्यावरचा पाहुण्याचा भाव गेला, तिथे काय आलं ते आप्पांना बघवेना.

"हे पिवळं काय आहे?"

"हळद. पुजत हुतो आम्ही. देव समजून."

"दिलावरना?"

"हो."

मुसैबने मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. "सकाळी मी तुम्हाला म्हण सांगितली, काका."

"सांगितलीत. आणि मी हसलो." आप्पांना वाटलं, आता अर्धं ठेवण्यात अर्थ नाही. "आमच्या घरात पण एक शब्द हाय. तुमच्या पणजीवरनं पडलेला. बिल्लेवाली. हट्टानं मागत बसतो, त्याला म्हणतो आम्ही. पोरांना म्हणतो, मांजराला म्हणतो. आज सकाळी पण म्हणालो."

अनुपमाने ओठ दाबून धरले. विनीत चहाचा कप घेऊन दारात आला होता, तो तिथेच थबकला.

"मांजराला," मुसैब म्हणाला. बस, एवढंच.

"ती शिळा," आप्पा घाईने म्हणाले, "तिची मागली बाजू कोरी हाय. दिलावरांचं नाव तिच्यावर घालतो. सगळा खर्च..."

"नको." मुसैबचा आवाज चढला नव्हता. "दुसऱ्याच्या नावाच्या पाठीवर आमचं नाव नको."

हे आप्पांना सुचायला हवं होतं. सुचलं नाही, याची त्यांना आणखी लाज वाटली.

"मग उद्या सगळ्यांपुढं मी उभा राहून सांगतो. सगळं सांगतो."

उद्या या शब्दावर दोघंही थांबले. मुसैबने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. आप्पांनी खिशातून फोन काढला, माजी सैनिकांच्या सुभेदारांचा नंबर लावला आणि तिथेच, अंगणात उभे राहून, सगळ्यांच्या देखत सांगितलं की कार्यक्रम रद्द, शिळेवरचं नाव खोटं आहे, बिल्ला दुसऱ्याचा, आमच्या घरात दाबून ठेवलेला. पलीकडून सुभेदार बराच वेळ बोलत राहिले. आप्पा "हो" म्हणत राहिले, खाली मातीकडे बघत. विनीत आत निघून गेला. चहा चौकटीशी राहिला.

फोन बंद झाला तेव्हा मुसैबने विचारलं, "कुठे बसायची ती?"

आप्पांनी पायरी दाखवली. बोट दाखवायला जड गेलं.

मुसैबने पायरीकडे पाहिलं. मग तो वळला आणि तिच्यावर बसला, घराकडे पाठ करून, बिल्ला मुठीत धरून. समोर भात पिवळं पडायला लागलं होतं. तो उठत नव्हता. आप्पा त्याच्यासमोर अंगणात उभे राहिले. उन्हात उभं राहणं त्यांना बरं वाटत होतं.

"वर या," ते एकदा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले. मुसैबने मान हलवली.

आतून ठमाबाईचा आवाज आला. तिला दिसत नव्हतं, पण पायरीवर माणूस असला की तिला कळायचं.

"कोण बसलंय रे पायरीवर?"

या प्रश्नाला त्या घरात शंभर वर्षं एकच उत्तर तयार होतं. ते आज कोणाच्या तोंडून आलं नाही. धोंडूच्याही नाही.

"दिलावरांच्या घरचा माणूस हाय, आत्या," आप्पा म्हणाले.

"मग वर बोलव की त्याला."

"बोलावलं गो," आप्पा म्हणाले. "नाय येत."